सुपरवायझरची सही

ज्या मॅनेजरवर मी वर्षभर डूख धरून होतो, तो आता कुठे आहे मला ठाऊक नाही. असलाच तर सुखात नसावा, एवढीच माझी इच्छा आहे. वय झालं की माणसानं माफ करायला शिकावं असं माझी बायको म्हणते. तिचं तिला लखलाभ. मला ते जमलेलं नाही आणि जमवायचंही नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. कचेऱ्या, कोर्ट, साहेब लोकांचे बंगले, रस्ते, सगळं एकदमच बांधायला काढलेलं आणि सगळ्यांनाच खडी हवी होती. उदगीरहून देवणीकडे जाताना आत माळावर काळ्या दगडाची एक खाण होती. खाली खड्डा, वर खडी फोडायचं क्रशर. मी मूळचा नांदेडचा. विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर एका कंत्राटदाराकडे वायरमन होतो. तिथे असतानाच परीक्षा दिली आणि सुपरवायझरचं सर्टिफिकेट मिळवलं. कायद्यानं दगडाची खाणही खाणच, आणि तिथे वीज वापरायची तर सर्टिफिकेटवाला इलेक्ट्रिकल सुपरवायझर ठेवावाच लागतो. म्हणून मालकानं मला घेतलं.

नेमणुकीच्या पत्राला जबाबदाऱ्यांची दोन पानं टाचलेली होती. केबली रोज पाहायच्या, अर्थिंग तपासायचं, कुणी दुरुस्तीला हात घालण्याआधी लाइन बंद झाल्याची स्वतः खात्री करायची, रजिस्टरमध्ये नोंद करून सही करायची, आणि जिवाला धोका दिसला तर कुणाला न विचारता वीज तोडायची. मी ती पानं मोठ्या अभिमानानं आईला वाचून दाखवली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तिथं कुनाला काई झालं तर तुला धरतेत काय?" मी हसलो होतो.

खाणीवर वायरमन एकच. पन्नाशीचे गृहस्थ, मूळचे हिमायतनगरकडचे, बायकोला घेऊन खाणीखालच्या वस्तीत राहायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. कागदावर मी त्यांचा साहेब होतो. प्रत्यक्षात मोटरला नुसता हात लावून तिचं बेअरिंग गेलंय का वाइंडिंग, हे ते सांगायचे आणि मी ते रजिस्टरमध्ये शुद्ध मराठीत लिहायचो. "सायेब, तुमी लिवा, मी करतो," असं चिडवायचे. पण जेवताना मात्र सरळ अरेतुरे.

मामांची एक पद्धत होती. खरं तर ती आम्हा सगळ्याच वायरमन लोकांची असते, पण मामा ती देवपूजेसारखी पाळायचे. कुठल्याही लाइनवर काम करायचं तर आधी स्विच पाडायचा, मग बोर्डावरचे त्या लाइनचे तिन्ही फ्यूज, म्हणजे ते चिनी मातीचे पांढरे किटकॅट, ओढून काढायचे आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकायचे. काम संपेपर्यंत ते खिशातच. वीज माझ्या खिशात हाय, असं म्हणायचे आणि खिसा थोपटायचे. जोवर फ्यूज त्यांच्याकडे, तोवर ती लाइन जगात कुणी चालू करू शकत नाही, असा हिशेब. त्या हिशेबात एकच भोक होतं, आणि ते मी ठेवलेलं होतं. जादा किटकॅटचा संच कुलपात ठेवायचा असतो. मी तो स्विचरूमच्या टेबलाच्या उघड्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो, कारण दर वेळी किल्ली शोधायचा मला कंटाळा.

त्या दिवशी एका नव्या रस्त्यासाठी ट्रकांची रांग लागलेली होती. कुणी मंत्री येणार होते. अकराच्या सुमाराला खडी वर नेणाऱ्या पट्ट्याची मोटर बंद पडली. मामांनी फ्यूज काढले, खिशात टाकले, मी रजिस्टरमध्ये वेळ घालून नोंद केली, 'पट्ट्याची लाइन बंद, फ्यूज वायरमनकडे', आणि खाली खड्ड्यात पंपाची केबल बघायला गेलो. मॅनेजर तेवढ्यात दोनदा स्विचरूममध्ये डोकावून गेला. "जिल्हा नवा झालाय, अन तुमचं काम अजून निजामाच्या काळातलंच हाय," असं काहीतरी ओरडत होता. तिसऱ्यांदा त्यानं ड्रॉवर उघडला.

मी खाली असताना वर फाटकन आवाज झाला आणि मग आरडाओरडा. धावत वर आलो तेव्हा मामा स्टार्टरच्या खाली पडले होते आणि त्यांचा उजवा हात मनगटापासून काळा झाला होता. मी स्विचरूममध्ये पाहिलं. पट्ट्याच्या लाइनला तीन कोरे किटकॅट बसवलेले होते आणि स्विच वर होता. जुने फ्यूज मामांच्या खिशातच होते. त्यांना जीपमध्ये घालताना मॅनेजरनं त्यांच्या खिशात हात घातला, ते तिन्ही काढले आणि स्वतःच्या पँटीच्या खिशात टाकले. मी त्याच्याकडे पाहतोय हे त्याला कळलं. "टोचतील त्यांना," तो म्हणाला.

मामांचा हात मनगटाच्या वर कापावा लागला.

चौकशीला खाण खात्याचा इन्स्पेक्टर यायच्या आधी मॅनेजरनं मला त्याच्या खोलीत बसवलं. चहा मागवला. मग रजिस्टरचं ते पान माझ्यासमोर फाडलं. म्हणाला, "जादा फ्यूज कुलपात ठेवायची जबाबदारी कुणाची? तुमची. म्हणजे चूक तुमची तरी हाय, नाहीतर त्याची तरी. तुम्ही ठरवा." स्वतःचं नाव त्यानं त्या हिशेबात घेतलंच नाही. मी नवं पान माझ्याच अक्षरात लिहिलं. वायरमनने फ्यूज न काढता, सुपरवायझरला न विचारता काम सुरू केले. खाली सही केली. इन्स्पेक्टरसाहेबांसमोर तोच जबाब दिला. हे मी कुणाच्या धाकानं केलं असं म्हणता येत नाही. सर्टिफिकेट जाईल म्हणून केलं.

"नियमात राहा," जाताना मॅनेजर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "म्हणजे तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

निकालाचा कागद खाणीच्या फळ्यावर लागला. अपघात वायरमनच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण फ्यूज न काढता हात घातला, ही वायरमनला देता येणारी सगळ्यात वाईट शिवी आहे. तीस वर्षं हा धंदा केलेल्या माणसाला ती सरकारी कागदावर मिळाली. उदगीरच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत पोरं त्यावरून हसायची. हात गेल्याचं दुःख मामांनी कधी बोलून दाखवलं नाही. दवाखान्यातून आल्यावर ते मला एकदाच म्हणाले, "फ्यूज माझ्या खिशात व्हते. तू बगितले व्हते."  त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

मी नोकरी सोडायला हवी होती. सोडली नाही, कारण सोडली असती तर मॅनेजर सुटला असता. त्यानंच मला हत्यार दिलं होतं. नियमात राहा म्हणाला होता ना? मी ती जबाबदारीची दोन पानं बाहेर काढली आणि शब्द न् शब्द पाळायला लागलो.

रोज सकाळी क्रशर सुरू होण्याआधी मी प्रत्येक केबल टोकापासून टोकापर्यंत चालत, हातानं चाचपत पाहायचो. दीड तास जायचा. ट्रकवाले शिव्या घालायचे, त्या मॅनेजरला ऐकू जातील अशा बेतानं मी त्यांना त्याच्या खोलीजवळ उभं करायचो. कुठे केबलवर दगड पडून ओरखडा दिसला की वीज बंद. रबरी हातमोज्याला भोक दिसलं की नवा मोजा येईपर्यंत वीज बंद. प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये नोंद, सही, आणि एक प्रत थेट लातूरला मालकाकडे. मॅनेजर लाल व्हायचा, पण करणार काय? इन्स्पेक्टरनं पुन्हा पाहिलं असतं तर प्रत्येक ओळ बरोबर होती. त्याचं आंबट तोंड बघितलं की मला दुपारची भाकरी गोड लागायची.

त्या वर्षी दुष्काळ होता, सलग दुसरा. विहिरी तळाला गेल्या, माळावरची माती भेगाळली. अर्थिंगचा खड्डा ओला असावा लागतो, नाहीतर फॉल्टची वीज जमिनीत जात नाही, माणसाच्या अंगातून जाते. त्याला रोज पाणी घालायला हवं. खाणीवर पिण्याचं पाणी टँकरनं यायचं, आणि वापरायचं म्हणून जे उरायचं ते मॅनेजरच्या कूलरमध्ये जायचं. मी लेखी मागणी केली. अर्थिंगचे खड्डे कोरडे, माणसांच्या जिवाला धोका, पाणी द्या, अन्यथा वीज तोडावी लागेल. मालकाची चिठ्ठी आली, सुपरवायझर म्हणतील तसं करा. मग एप्रिलच्या उन्हात मी स्वतः त्याच्या कूलरची टाकी उघडायचो आणि त्याच्या डोळ्यांदेखत बादल्या भरभरून चारही खड्ड्यांत ओतायचो. मिठासकट, मिठानं ओल टिकते म्हणून. तो दारात टॉवेलनं घाम पुसत उभा असायचा. इतकं सुख मला त्याआधी कशात मिळालं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

पण त्याची जिरत नव्हती. वैतागायचा, घामाघूम व्हायचा, आणि तरी संध्याकाळी स्कूटरवर बसून शीळ घालत घरी जायचा. त्यानं दोन हातांनी धरलेलं हँडल मला बघवायचं नाही.

शेवटी मला पंप सुचला. खाणीच्या तळाला एक झरा लागला होता. त्याचं पाणी उपसलं नाही तर खड्डा भरून दगड काढणं थांबतं, म्हणून तिथे पंप होता. दुष्काळ पडल्यावर मालकानं ते सगळं पाणी पाइपनं खालच्या वस्तीच्या हौदात सोडलं, तहसीलदारांच्या हातून त्याचं उद्घाटन केलं, मोठी पाटी लावली. मालकाला त्या पाटीचा फार अभिमान. पंप थांबला तर खाण थांबणार, हौद कोरडा पडणार आणि मालकाची लोकांत शोभा होणार. मग मॅनेजर एक दिवस टिकला नसता.

पंपात दोष नव्हता. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, पंपाच्या मोटरचं इन्सुलेशन शून्य, मेगरने तपासले, चालवणे धोक्याचे. मेगर म्हणजे हातानं फिरवायच्या दांड्याचं ते यंत्र, ज्याचा काटा मोटर चांगली की वाईट ते सांगतो. खाणीवर ते वाचता येणारा माझ्याशिवाय कुणी उरला नव्हता. स्विचला कुलूप ठोकलं, धोक्याची पाटी लावली, सही केली. मॅनेजरनं नवी मोटर मागवली. ती यायला आठ दिवस लागतील असं हैदराबादहून कळलं. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात गुडघाभर पाणी चढलं, चौथ्या दिवशी मालक स्वतः आला आणि सगळ्यांसमोर मॅनेजरला असं काही बोलला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पाचव्या दिवशी दुपारी मामा स्विचरूमच्या दारात आले. अपघातानंतर पहिल्यांदाच. उजवी बाही गाठ मारून ठेवलेली. आत येऊन म्हणाले, "मेगर काड."

मी म्हणालो, "मामा, मोटर खराब हाय."

"मी मेगर काड म्हनलो."

मी मेगर काढला. आम्ही खाली खड्ड्यात पाण्यातून उंच ओट्यावरच्या पंपापर्यंत गेलो, मी तारा जोडल्या. मेगर एका हातानं धरायचा आणि दुसऱ्यानं फिरवायचा असतो. मामांनी तो माझ्या दोन्ही हातांत दिला आणि डाव्या हातानं दांडा फिरवायला लागले. काटा सरकत सरकत पार टोकाला गेला आणि तिथेच थांबला. मोटर ठणठणीत होती. मामा बराच वेळ फिरवत राहिले. काटा हलेना.

"माजी बायको सा मैल जाऊन पानी आनून राहिली," ते म्हणाले. "वस्तीतली एक म्हातारी काल वाटंत चक्कर येऊन पडली. तुज्या रजिस्टरात लिवलं का ते?"

मी मॅनेजरचं नाव काढलं. त्याची जिरवायची होती, तुमच्यासाठीच करत होतो, असं काहीबाही बोललो.

"माज्यासाटी न्हाई," मामा म्हणाले. "माज्यासाटी करायचं व्हतं तर एक ओळ खरी लिवायची व्हती. तेवडी लिवली न्हाईस. बाकी समदं केलंस."

ते गेले. मी कुलूप काढलं, पंप सुरू केला. आणि त्याच टेबलावर बसून इन्स्पेक्टरसाहेबांना पत्र लिहिलं. फाडलेलं पान, ड्रॉवरमधले फ्यूज, मामांच्या खिशातून काढलेले फ्यूज, माझी खोटी सही आणि पंपाची खोटी नोंद, सगळं. पश्चात्तापानं लिहिलं म्हटलं तर चांगलं वाटेल. तसं नव्हतं. मला मॅनेजर बुडताना दिसत होता, आणि त्याला बुडवायला मलाही पाण्यात उतरावं लागणार हे मी एकदाचं मान्य केलं होतं.

पुन्हा चौकशी झाली. मी बोललो म्हटल्यावर जीपचा ड्रायव्हरही बोलला, त्यानंही खिशातले फ्यूज काढताना पाहिलं होतं. मॅनेजरनं आधी मला खोटारडा ठरवलं, मग माझ्या घरी येऊन माझ्या आईच्या पायावर डोकं ठेवलं. आई मागे सरकली. "माज्या पाया पडून काय व्हनार? त्येच्या हाताच्या पाया पडा," ती म्हणाली. मला ते वाक्य फार आवडलं होतं, अजूनही आवडतं.

त्याला काढून टाकलं, त्याचं मॅनेजरकीचं सर्टिफिकेटही गेलं. त्याचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी समोरच्या लिंबाखाली उभा राहिलो, गादीपासून कूलरपर्यंत एक एक वस्तू चढेपर्यंत. तो माझ्याकडे बघत होता. मी नजर हलवली नाही. माझं सर्टिफिकेटही काढून घेतलं होतं, मीही त्याच आठवड्यात निघणार होतो, पण त्या वेळी ते डोक्यातसुद्धा आलं नाही.

निकालाची एक प्रत मला पोस्टानं आली. इंग्रजीत, दोन पानांची. मी ती घेऊन मामांच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ होती, मामा ओट्यावर बसले होते, मामी आत भाकरी करत होत्या. कितीतरी महिन्यांनी मामांनी मला बस म्हटलं.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. आधीचा निकाल रद्द करण्यात येत आहे. वायरमनने नियमाप्रमाणे फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवले होते. अपघातात वायरमनचा कोणताही निष्काळजीपणा नव्हता. मामांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "ते पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं. मामी पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. शेजारचे दोघं-तिघं जमले. मामांनी मला तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि प्रत्येक वेळी त्यांची मान थोडी अधिक ताठ होत गेली. मग मॅनेजरबद्दलचा भाग वाचला. लोक हसले, कुणीतरी शिवी हासडली. मला वाटलं, फिटलं. मी कागदाची घडी घातली.

मामांनी डोळे उघडले. "दोन पानं हायेत," ते म्हणाले. "तू दीडच वाचलंस."

मी म्हणालो, पुढं विशेष काही नाही, सरकारी भाषा आहे.

"तुजं काय लिवलंय त्यात?"

मी घडी उलगडली. दुसऱ्या पानाच्या खालच्या अर्ध्यात माझ्याबद्दल होतं. मी हळू आवाजात सांगायला लागलो. सुपरवायझरने वायरमन निर्दोष असल्याचे माहीत असूनही स्वतःचे सर्टिफिकेट वाचवण्यासाठी खोटी नोंद केली, खोटी सही केली आणि खोटा जबाब दिला. सूड उगवण्यासाठी वस्तीचे पाणी तोडले.

कुणीच हसलं नाही. मामी माझ्याकडे बघत होत्या.

"ऐकू न्हाई आलं," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त काळ ते या दिवसाची वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं. "हुबा ऱ्हा. गल्लीकडं तोंड कर. अन मोट्यानं वाच."

मी उभा राहिलो, गल्लीकडे तोंड केलं, आणि वाचलं.